दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी : परदेशी वृत्तपत्रांतले टिळक

१/
दरवर्षी २३ जुलै आणि १ ऑगस्ट जवळ आले की एक यादी फिरू लागते. ‘लेनिनने टिळकांची दखल घेतली’, ‘लंडनच्या टाइम्सवाल्यांनी त्यांना भारतीय असंतोषाचे जनक म्हटले’, ‘त्यांच्या शिक्षेची बातमी साता समुद्रापार छापून आली’. यादीच्या शेवटी बहुधा एकच वाक्य असते : जगाने ओळखले, आपण विसरलो. या धाग्यात मला या यादीशी भांडायचे आहे. टिळकांशी माझे भांडण नाही. त्यांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी जो पुरावा आपण उत्साहाने पुढे करतो, तो आपण वाचलेलाच नसतो, एवढीच माझी तक्रार आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी प्रतिपाद्य सांगते. परदेशी वृत्तपत्रातील उल्लेख हा ऐतिहासिक पुरावा असतो, प्रशस्तिपत्रक नसते. आणि पुरावा म्हटला की त्याची उलटतपासणी ओघाने आली. कोणी लिहिले? कोठे बसून लिहिले? माहिती कोणाकडून मिळाली? कोणत्या वाचकासाठी लिहिले? त्याच घटकेला लिहिण्याची गरज कोणाला होती? हे प्रश्न न विचारता नुसते उल्लेख मोजणे म्हणजे जबाब न वाचता साक्षीदारांची डोकी मोजून निकाल देण्यासारखे आहे. यादीतील दोन सर्वांत लाडक्या साक्षीदारांना आपण आज पिंजऱ्यात उभे करू.

३/
प्रथम पार्श्वभूमी. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब फुटला. त्यानंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांपैकी ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून) हे दोन लेख सरकारने राजद्रोहाच्या खटल्यासाठी निवडले. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. १३ जुलैपासून न्या. दावर यांच्यापुढे खटला चालला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा कौल आला आणि टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढे त्यांना मंडालेस ठेवण्यात आले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप पुकारला. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप.

४/
आता लेनिन. १९०८ मध्ये तो जिनिव्हात निर्वासिताचे जिणे जगत होता. तेथून बोल्शेविकांचे ‘प्रोलेतारी’ नावाचे रशियन पत्र निघे आणि चोरवाटांनी रशियात जाई. त्याच्या ३३ व्या अंकात लेनिनचा जागतिक राजकारणातील स्फोटक द्रव्यांविषयीचा लेख आला. टिळकांचा उल्लेख याच लेखात आहे. तो खरा आहे, जळजळीत आहे आणि शिक्षा देणाऱ्यांची त्यात मुळीच गय केलेली नाही. येथपर्यंत यादी बरोबर आहे. प्रश्न येथून पुढे सुरू होतो.

५/
पहिला प्रश्न तारखेचा. त्या अंकावरील तारीख २३ जुलै १९०८ आहे. निकाल २२ जुलैचा. तेव्हा ‘निकालाच्या दुसऱ्याच दिवशी लेनिनची लेखणी कडाडली’ असे लिहिण्याचा मोह कोणालाही होईल. शिवाय २३ जुलै हा टिळकांचा जन्मदिवस, म्हणजे योगायोगही नामी जुळतो. परंतु ही तारीख रशियातील जुन्या, ज्युलियन पंचांगाची आहे. आपल्या वापरातील पंचांगानुसार तो दिवस ५ ऑगस्टचा. निकाल आणि अंक यांत एक दिवस नाही, तब्बल दोन आठवडे आहेत. हे दोन आठवडे क्षुल्लक नाहीत, कारण बातमी कोणत्या वाटेने गेली याचा माग त्यांतच सापडतो.

६/
दुसरा प्रश्न माहितीच्या उगमाचा. त्याचे उत्तर लेनिननेच देऊन ठेवले आहे. भारतीय ज्युरर टिळकांना निर्दोष ठरवत होते आणि दोषी ठरवणारी मते ब्रिटिशांची होती, ही गोष्ट ब्रिटिश पार्लमेंटातील एका प्रश्नोत्तरावरून उघड झाली, असे तो लिहितो. म्हणजे मुंबईची हकीकत लंडनला गेली, तेथे हाउस ऑफ कॉमन्समध्ये तिची चर्चा झाली आणि ते वृत्त जिनिव्हातील लेखकाच्या हाती पडले. ‘केसरी’चे ते लेख मराठीत होते, लेनिनला मराठी येत नव्हते. टिळकांच्या विचारांचा अभ्यास करून त्याने हे लिहिले, असे म्हणायला त्या मजकुरात आधार नाही.

७/
तिसरा प्रश्न हेतूचा. हा लेख टिळकांवर नाही. त्यात इराण आहे, तरुण तुर्कांची क्रांती आहे, चीन आहे, युरोपातील कामगारांचे लढे आहेत. या मोठ्या पटावर हिंदुस्थानच्या वाट्याला थोडी जागा येते आणि तिच्यातही लेनिनची नजर खिळते ती मुंबईच्या संपावर. हिंदुस्थानातील कामगारवर्ग राजकीय लढ्यात जाणतेपणाने उतरू लागला आहे आणि म्हणून तेथील ब्रिटिश सत्तेचे दिवस भरले आहेत, हा त्याचा निष्कर्ष. टिळक त्याच्या लेखी ‘लोकशाहीवादी’, बस्स. रशियात १९०५ ची क्रांती चिरडली गेल्यानंतर आशेची ठिणगी शोधणाऱ्या माणसाने रशियन वाचकांसाठी लिहिलेला हा मजकूर आहे. त्याचे मोल आहेच. पण तो सर्वप्रथम लेनिनविषयीचा पुरावा आहे.

८/
आता गंमत पाहा. आपल्या यादीत लेनिनचे नाव राहते आणि ज्यांच्यामुळे लेनिनला लिहावेसे वाटले ते संपकरी गळून पडतात. रत्नागिरीहून, घाटावरून पोट भरायला मुंबईस आलेल्या, परळ-लालबागच्या चाळींत राहणाऱ्या त्या माणसांनी सहा दिवसांची मजुरी सोडली, लष्कराचा गोळीबार अंगावर घेतला. त्यांतील काही जण प्राणास मुकले. ‘जगाने दखल घेतली’ असे लिहिताना आपण दखल घेणाऱ्याला गौरवतो आणि दखल घ्यायला लावणाऱ्याला विसरतो. हा केवळ तपशिलातला दोष नाही. सारा इतिहास कोणाच्या बाजूने उभा राहून पाहायचा, या निवडीतलीच ही चूक आहे.

९/
दुसरा साक्षीदार : सर व्हॅलेंटाइन चिरोल. हा लंडनच्या ‘टाइम्स’च्या परराष्ट्र विभागाचा प्रमुख. १९१० मध्ये त्याने हिंदुस्थानातील अशांततेवर त्या पत्रात लेखमाला लिहिली आणि त्याच वर्षी तिचे पुस्तक झाले, ‘इंडियन अनरेस्ट’. त्यात तो म्हणतो की भारतीय असंतोषाचा जनक म्हणवून घेण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो टिळकांना आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकांपासून पुतळ्यांच्या कोनशिलांपर्यंत पोहोचलेली ‘भारतीय असंतोषाचे जनक’ ही पदवी ती हीच.

१०/
पण हे वाक्य कौतुकाने लिहिलेले नाही. तो आरोप आहे. चिरोलच्या दृष्टीने हा असंतोष म्हणजे प्रजेचे खरे दुःख नव्हते. सत्ता गमावलेल्या दख्खनी ब्राह्मणांनी पेटवलेली ती आग होती आणि टिळक हे तिचे मूळ. त्याच पुस्तकात टिळकांचा संबंध १८९७ मधील रँडच्या आणि १९०९ मधील नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या हत्येशी जोडलेला आहे. ताईमहाराज प्रकरणावरून त्यांच्या सचोटीवर शिंतोडे उडवलेले आहेत. जॅक्सनचा खून झाला तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. पुस्तक बाहेर आले तेव्हाही ते तेथेच होते. ज्याला उत्तर देता येत नाही अशा कैद्यावर जगातील सर्वांत वजनदार वृत्तपत्राने केलेला हा वार होता.

११/
मग आरोपाची पदवी कशी झाली? ती टाइम्सने दिली नाही. ती मराठी माणसाने करून घेतली. ज्या शब्दाने हिणवायचे होते तोच शब्द येथील लोकांनी उचलला, उलटा केला आणि आपल्या नेत्याच्या नावापुढे मानाने लावला. असंतोष हा रोग आहे असे लंडन म्हणत होते. अन्यायाच्या राज्यात असंतोष हेच निरोगीपणाचे लक्षण आहे, असे उत्तर या उलटापालटीत दडलेले आहे. हा राजकीय बुद्धीचा विलक्षण नमुना आहे आणि त्याचे श्रेय मराठी वाचकांचे. आपली यादी ते श्रेय पुन्हा टाइम्सच्या पदरात टाकते. एका पिढीने शिवीची पदवी केली. आपण त्या पदवीचे पुन्हा ‘परदेशी प्रमाणपत्र’ करतो.

१२/
टिळकांना स्वतःला हे लेखन मान देणारे वाटले काय? त्यांनी चिरोलवर लंडनच्या न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्यासाठी सप्टेंबर १९१८ मध्ये, साठी ओलांडलेली असताना, ते विलायतेस निघाले. जानेवारी-फेब्रुवारी १९१९ मध्ये न्या. डार्लिंग यांच्यापुढे सुनावणी झाली. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. मुंबई सरकारने आपली दफ्तरे प्रतिवादीच्या मदतीस खुली केली होती. ज्युरीने कौल चिरोलच्या बाजूने दिला. टिळकांना लाखो रुपयांचा भुर्दंड बसला आणि तो भरून काढण्यासाठी महाराष्ट्राने निधी जमवला.

१३/
या निकालाकडे नीट पाहा. परदेशी उल्लेख हे मोठेपणाचे माप मानायचे असेल, तर त्याच मापाने १९१९ चा निकालही मान्य करावा लागेल. तेव्हाही वर्तमानपत्रांत उल्लेख झालेच होते, आणि त्यांतला मुख्य मजकूर ‘टिळक हरले’ हा होता. गोड उल्लेख तेवढा प्रमाण आणि कडू उल्लेख पक्षपाती, अशी सोयीची वाटणी इतिहासाच्या अभ्यासकाला करता येत नाही. तराजू एकदा परक्याच्या हाती दिला की तो जे वजन सांगेल ते मुकाट्याने ऐकावे लागते. म्हणून मुळात तराजूच त्याच्या हाती देऊ नये.

१४/
आता ‘जगभरच्या वर्तमानपत्रांत’ या शब्दाकडे वळू. त्या काळी बातमी जगभर कशी जात असे? रॉयटर या वृत्तसंस्थेने १८६६ मध्ये मुंबईत कचेरी थाटली. १८७० मध्ये समुद्राखालून मुंबईपर्यंत तार आली. त्याच वर्षी लंडनची रॉयटर, पॅरिसची आव्हास आणि बर्लिनची वोल्फ या तीन संस्थांनी करार करून बातम्यांसाठी जग आपापसांत वाटून घेतले. ब्रिटिश साम्राज्य रॉयटरच्या वाट्याला आले. परिणाम असा की हिंदुस्थानची बातमी पॅरिस वा बर्लिनच्या पत्राला हवी असली तर ती बहुधा लंडनमार्गेच मिळे. शिवाय तारेचा दर शब्दागणिक. म्हणून मजकूर त्रोटक : नाव, आरोप, शिक्षा, दंगा.

१५/
याचा अर्थ काय होतो ते एका कल्पित हिशेबाने पाहू. समजा, मुंबईहून वीस शब्दांची एक तार लंडनला गेली. ती ऑस्ट्रेलियातील तीस, न्यूझीलंडमधील पंधरा आणि कॅनडातील पाच पत्रांनी जशीच्या तशी छापली. आज शोधयंत्रात नाव टाकले की पन्नास उल्लेख दिसतील. ‘पन्नास वृत्तपत्रांनी दखल घेतली!’ पण साक्षीदार किती? एक. बाकीचे एकोणपन्नास त्याचे प्रतिध्वनी. प्रतिध्वनी मोजून आवाजाची उंची ठरवता येत नाही. पन्नास कात्रणे शेजारी ठेवा, शब्द ताडून पाहा, एकाच तारेची लेकरे ओळखा. मगच ‘स्वतंत्र उल्लेख किती’ हा आकडा हाती लागेल आणि तो आपल्या अपेक्षेहून पुष्कळच लहान असेल.

१६/
तारेच्याही आधी आणखी एक गाळणी होती : भाषांतर. मुंबई सरकारची एक कचेरी देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी उतारे दर आठवड्याला तयार करून अधिकाऱ्यांपुढे ठेवत असे. ‘केसरी’ मराठीत काय म्हणाला यापेक्षा या उताऱ्यांत काय उतरले यावर साहेबाचे मत बनत असे. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी आपल्या दीर्घ भाषणात आणि साक्षीदाराच्या उलटतपासणीत भाषांतराचा मुद्दा आग्रहाने लढवला तो याचसाठी. मराठी शब्दाची छटा इंग्रजीत जाताना बदलली की लेखाचा हेतूच बदलतो, असे त्यांचे म्हणणे. परदेशी उल्लेखातील टिळक अशा भाषांतरातून, मग तारेतून, मग संपादकाच्या कात्रीतून पार पडलेले टिळक आहेत.

१७/
ही वाट उलटीही चाले. १८९९ मध्ये लंडनच्या ‘ग्लोब’ या पत्राने टिळकांना हत्यांच्या कटाशी जोडणारा मजकूर छापला आणि मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने तो येथे उद्धृत केला. टिळकांनी कायद्याचा बडगा दाखवताच ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला माफी मागावी लागली. येथील अँग्लो-इंडियन वर्तुळातील कुजबुज लंडनला जायची, छापून यायची आणि मग ‘लंडनचे मत’ म्हणून मुंबईत परतायची, असा हा फेरा. आज आपण ‘परदेशी माध्यमे काय म्हणतात’ असे विचारतो तेव्हा ते मत खरोखर परदेशी आहे की येथूनच निर्यात होऊन परतलेले आहे, एवढे तरी तपासावे.

१८/
परदेशी पत्रात बोलणे किती महागात पडे, याचे उदाहरण टिळकांचे प्रतिस्पर्धी गोखले यांचे आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या घरझडत्यांत सोजिरांनी मांडलेल्या जुलमाविषयी देशी पत्रे आठवडेच्या आठवडे लिहीत होती. २२ जूनला रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढील साक्षीसाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी स्त्रियांवरील अत्याचारांची हकीकत ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये मांडली. परतल्यावर पुराव्यानिशी पुढे यायला कोणी धजेना आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. परदेशी पत्रातली एक बातमी आणि तिच्यामागे दबलेली शेकडो तोंडे. नुसते उल्लेख मोजणाऱ्याला ही तोंडे कधीच दिसत नाहीत.

१९/
आजच्या साधनांविषयी एक इशारा. ऑस्ट्रेलियाचे ट्रोव्ह, न्यूझीलंडचे पेपर्स पास्ट, अमेरिकेचे क्रॉनिकलिंग अमेरिका, फ्रान्सचे गॅलिका : जुन्या पत्रांचे हे खजिने घरबसल्या, विनामूल्य, शब्द टाकून शोधता येतात. ते अवश्य वापरावेत. परंतु जुन्या मराठी वृत्तपत्रांसाठी त्या तोडीची, सर्वांना खुली अशी शब्दशोधाची सोय आपण उभारलेली नाही. त्यामुळे न्यूझीलंडच्या एखाद्या गावच्या पत्रातील टिळक दोन मिनिटांत सापडतात आणि पुण्याच्या ‘सुधारक’मधील टिळकांसाठी ग्रंथालयांचे उंबरे झिजवावे लागतात. जे सहज सापडते तेच महत्त्वाचे, असा समज मग नकळत रुजतो. आपल्या यादीत परदेशी उल्लेख भरमसाट असण्याचे एक साधे कारण हेही आहे.

२०/
आणि येथेच खरे नुकसान होते. लेनिनला दिसला लोकशाहीवादी, चिरोलला दिसला राजद्रोही ब्राह्मण. दोन्ही चित्रे दुरून काढलेली, एकाच रंगाची. मराठी पत्रांतले टिळक मात्र बहुरंगी आहेत, कारण तेथे त्यांच्याशी वाद घालणारी माणसे त्यांना जवळून ओळखत होती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून आगरकरांचा ‘सुधारक’ आणि टिळकांचा ‘केसरी’ यांत जी झुंज झाली ती मुळातून वाचल्याशिवाय टिळकांचा सामाजिक विचार कळत नाही. १९०१ मध्ये वेदोक्त प्रकरणात ‘केसरी’ने ‘वेदोक्ताचे खूळ’ म्हणून शाहू महाराजांच्या बाजूवर टीका केली. तिचे पडसाद पुढची कित्येक दशके उमटत राहिले.

२१/
सत्यशोधक परंपरेतील ‘दीनबंधु’ काय म्हणत होता? १९१० पासून नगर जिल्ह्यातील खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवणारे मुकुंदराव पाटील कोणते प्रश्न विचारत होते? ब्राह्मणवर्चस्वाचा मुद्दा चिरोलनेही मांडला, पण साम्राज्य टिकवण्यासाठी. तोच मुद्दा ‘दीनमित्र’ मांडतो तेव्हा त्यामागे खेड्यातल्या कुणब्याचे जगणे उभे असते. शब्द सारखे, हेतू भिन्न. हा फरक ओळखता येणे हीच इतिहासाच्या विद्यार्थ्याची कसोटी. टिळकांवर प्रेम असो की राग, त्यांचे पुरते माप घ्यायचे तर ते या मराठी भांडणांतूनच घ्यावे लागते.

२२/
यादीत ज्यांना जागाच नाही अशांपैकी एकाचे नाव घेते : शिवराम महादेव परांजपे. ‘काळ’कर्त्या परांजप्यांनाही त्याच जुलै १९०८ मध्ये मुंबईत राजद्रोहाखाली शिक्षा झाली, १९ महिने. त्यांच्याच खटल्याच्या निमित्ताने मुंबईस आले असता टिळकांना अटक झाली. परांजप्यांच्या वक्रोक्तीने एक पिढी पेटली. त्यांच्या निवडक निबंधांवर सरकारने घातलेली बंदी १९३७ पर्यंत उठली नाही. पण उपरोध तारेतून जात नाही आणि इंग्रजी उताऱ्यात मरतो. म्हणून परदेशी माध्यमांतील उल्लेखांच्या शर्यतीत परांजपे कोठेच नाहीत. त्यांचा प्रभाव कमी होता म्हणून हे झाले काय? येथे माणूस मोठाच आहे. मापपट्टीच तोकडी पडली.

२३/
यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे : ‘तरुणांना अभिमान वाटत असेल तर बिघडले कोठे? पिकते तेथे विकत नाही. बाहेरच्याने किंमत केली की घरच्यांचे डोळे उघडतात.’ माझे उत्तर असे. जो अभिमान बाहेरच्याच्या दाखल्यावर उभा आहे, तो बाहेरच्याने दाखला फाडला की कोसळतो. उद्या कोणी चिरोलची पाने तुमच्यापुढे टाकली तर तुमच्याजवळ उत्तर काय? ‘केसरी’ वाचला असेल तर उत्तर असेल, ‘सुधारक’ वाचला असेल तर अधिक नेमके असेल. नुसती यादी पाठ असेल तर मात्र गप्प बसावे लागेल. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान त्या ओंजळीच्या मर्जीवर असते.

२४/
परदेशी वृत्तपत्रांकडे कसे पाहावे हे खुद्द टिळकांकडूनच शिकता येते. विलायतेत असताना, काँग्रेसच्या ब्रिटिश कमिटीचे ‘इंडिया’ हे साप्ताहिक काँग्रेसच्या ठरावांशी सुसंगत चालावे म्हणून ते झगडले. अमेरिकेत लाला लजपतराय १९१८ पासून ‘यंग इंडिया’ काढत होते. त्यांच्या कार्याला टिळकांनी पैसा पुरवला. पॅरिसच्या शांतता परिषदेला जाता येईना तेव्हा मार्च १९१९ मध्ये त्यांनी क्लेमान्सो यांना पत्र पाठवून हिंदुस्थानची बाजू मांडली. ‘ते आपल्याविषयी काय म्हणतात’ हा त्यांचा प्रश्न नव्हता. ‘आपले म्हणणे तेथे कसे पोहोचवायचे’ हा होता. बाहेरचे पत्र त्यांच्या लेखी आरसा नव्हते, हत्यार होते.

२५/
तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या २३ जुलैला यादी पुढे ढकलण्यापूर्वी एवढे करा. उल्लेख मुळातून, पूर्ण परिच्छेदासह वाचा. तारीख कोणत्या पंचांगाची ते पाहा. बातमीचा उगम शोधा आणि एकाच तारेच्या नकला एकच धरा. नावाची स्पेलिंगे निरनिराळी असतात. एकच टाकून ‘उल्लेख नाही’ म्हणू नका. लिहिणाऱ्याचा हेतू विचारा. आणि सर्वांत शेवटी, त्याच आठवड्याचे एखादे मराठी पत्र शोधून शेजारी ठेवा. ही शेवटची अट पाळायला सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत मोलाची.

२६/
लेनिन आणि चिरोल आपल्या जागी राहोत; त्यांना वाचणे सोडू नये. फक्त त्यांना निकाल देण्याच्या खुर्चीवरून उतरवून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसवावे. ‘जगाने ओळखले, आपण विसरलो’ हे वाक्य तेवढे यादीतून काढून टाका. जगाने जे छापले त्यातले पुष्कळसे आपल्याच माणसांच्या संपाने, भांडणांनी आणि तुरुंगवासाने घडवलेले होते. ते ज्यांत नोंदले आहे ती मराठी पत्रे ग्रंथालयांच्या फडताळांत पिवळी पडत आहेत. आपल्या गावच्या वाचनालयात जुने अंक असतील तर त्यांची यादी करा, परवानगी काढून छायाचित्रे घ्या, येथे सांगा. या यादीचे मी मनापासून स्वागत करीन.

धागा समाप्त. मतभेद जरूर मांडा, पुराव्यासह मांडा.